तिला काही कळत नाही म्हणे!

मागच्या भाऊबीजेची गोष्ट. मिरजेच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. दादा-वहिनी, मामा, दोन्ही आत्या, पोरंटोरं. फराळ झाला, ओवाळणं झालं आणि मग दर वर्षी निघतो तोच विषय निघाला. घराचं काय करायचं? बिल्डर मागे लागलाय, कौलं गळतायत, मागची भिंत फुगलीय वगैरे वगैरे. आणि हे सगळं चाललं होतं आईच्या कॉटशी खुर्च्या ओढून. आई उशीला टेकून बसलेली. पदराचं टोक चिमटीत धरून सारखी चोळत होती. हल्ली दिवसभर तेच करते. मामा म्हणाला, "ताईला एकदा विचारायला नको का?" त्यावर कुणीतरी (कोण ते लिहीत नाही, ज्याचं त्याला माहीत आहे) पटकन म्हणालं, "तिला काय विचारायचं? तिला कुठे काय कळतंय आता!"

आईचा हात थांबला.

बस, एवढंच. चारपाच सेकंद थांबला असेल. मग पुन्हा पदर चोळणं सुरू. गप्पा तोवर चौरस फुटांच्या भावावर पोचल्या होत्या.

रात्री मी दादाला म्हटलं, तिने ऐकलं. तो म्हणाला, "हात थांबला म्हणजे हात थांबला. बाकीचं सगळं तुझ्या मनाचं. तू मुलगी आहेस, तुला वाटणारच. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते कुणालाच कळत नाही, आणि तिचं तर मनच राहिलेलं नाही. आणि ऐकलं असं म्हणतेस तर सिद्ध कर." दादा इंजिनियर आहे. ;-)

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मला भांडणातली उत्तरं नेहमी दोन महिन्यांनी सुचतात. तर हे ते उत्तर. दादा हे वाचतो, वहिनीही वाचते, आणि आत्याला कुणीतरी वाचून दाखवणार आहेच. राग आला तर फोन करा, पण शेवटपर्यंत वाचून मग करा.

आधी दादाची बाजू नीट मांडते, कारण ती फक्त त्याची नाही. आपल्यातले बहुतेक सगळे तेच मानतात. 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' अशी म्हणच आहे. मन म्हणजे एक कुलूपबंद कपाट, किल्ली फक्त मालकाकडे. बाकीच्यांनी बाहेरून टकटक करायची आणि आत काय असेल त्याचा अंदाज बांधायचा. या कल्पनेला मोठमोठ्या लोकांचा आधार आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८६५ साली लिहिलं की इतरांना मन आहे हे आपण स्वतःवरून ताडतो. मला लागलं की मी कळवळतो, समोरचं शरीर माझ्यासारखंच आहे आणि तेही कळवळतंय, म्हणजे त्यालाही आत काहीतरी होत असणार. आणि हे फक्त गोऱ्या साहेबाचं डोकं असंही नाही. मिलच्या बाराशे वर्षं आधी आपल्याकडे धर्मकीर्ती या बौद्ध पंडिताने 'सन्तानान्तरसिद्धि' नावाचा एक आख्खा ग्रंथ याच प्रश्नावर लिहिला. त्याची गाडीही अनुमानाच्याच रुळावरून जाते. माझ्या हालचालीमागे माझा हेतू असतो, समोर दिसणाऱ्या हालचालीमागे माझा हेतू नाही, म्हणून तिथे दुसऱ्या कुणाचा तरी असला पाहिजे.

तर्क म्हणून झकास आहे. पण हे खरंच असं घडतं का?

माक्स शेलर नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १९१३ मध्ये, आणि मग १९२३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत, या तर्काची पार हजेरी घेतली. स्वतःवरून दुसऱ्याचं ताडायचं तर आधी स्वतःचा चेहरा माहीत हवा. तान्ह्या बाळाने आपलं हसू कधी पाहिलंय? आतून त्याला बरं वाटतं आणि बाहेर आईचे ओठ रुंदावलेले दिसतात. या दोन गोष्टी एकमेकींसारख्या आहेत हे त्याने कशावरून ठरवायचं? तरीही ते आईच्या हसण्याला हसतं. पुढे १९४५ मध्ये मेर्लो-पाँती या फ्रेंच माणसाने आणखी गमतीचं उदाहरण दिलं. पंधरा महिन्यांच्या बाळाचं बोट खेळता खेळता तुमच्या दातांत धरा आणि चावायचं नाटक करा. ते बाळ आपलं तोंड उघडतं! आरशात त्याने स्वतःला जेमतेम पाहिलेलं, त्याचे दात तुमच्या दातांसारखे दिसतही नाहीत. तरी चावणं म्हणजे काय ते त्याला आपल्या जबड्यात कळतं. मध्ये अनुमान-बिनुमान काही नाही.

या मंडळींच्या विचारपद्धतीला फेनॉमेनॉलॉजी म्हणतात. नावाला घाबरू नका. मूळ आग्रह साधा आहे. एखादी गोष्ट 'खरं तर' कशी असली पाहिजे याचे सिद्धांत रचण्याआधी ती आपल्या अनुभवाला कशी येते ते नीट पाहा आणि जसं दिसतं तसं सांगा. आणि तसं पाहिलं तर शेलर म्हणतो ते पटतं. समोरच्याच्या हसण्यात आपल्याला आनंद दिसतो, लाल झालेल्या चेहऱ्यात लाज दिसते. आधी चेहऱ्याचे स्नायू मोजले आणि मग पाठीमागे लाज असावी असा निष्कर्ष काढला, असं कुणी करत नाही.

आपली मराठी तर शेलरच्या कितीतरी आधीपासून त्याच्या पक्षात आहे. चेहरा पडला. तोंड एवढंसं झालं. कपाळाला आठ्या पडल्या. नाक मुरडलं. छाती फुगली. पोटात तुटलं. यातलं मन कुठे आहे आणि शरीर कुठे आहे ते वेगळं काढून दाखवा बरं! त्या एका म्हणीत आपण कपाटाची गोष्ट सांगतो, आणि दिवसभर बोलतो ते उघड्या दारासारखं. वहिनीच नाही का, दादा दारातून आत आला की चपला काढायच्या आवाजावरून ओळखते, आज ऑफिसात काहीतरी झालंय म्हणून? दादा, तुला नाही कधी "सिद्ध कर" म्हणावंसं वाटत!

आता दादाचा खरा मुद्दा. "तुझ्या मनाचं तू तिच्यावर लादतेस." हे होऊ शकतं. होतंही. मी हजारदा चुकले असेन. पण अंधारात दोरीला साप समजलो म्हणून 'डोळ्यांनी काही दिसतच नाही' असं आपल्याकडे कुठल्याही दर्शनाने म्हटलेलं नाही. दिवा आणतात आणि पुन्हा बघतात. म्हणजे चुकीवरचा उपाय अधिक बघणं हाच. 'तिला काही कळत नाही' असं म्हणणारा माणूस चूक टाळत नाहीये. तो फक्त दिवा विझवून झोपायला गेलाय.

आणि तो बघत नाही हे मी खात्रीने सांगते, कारण बघितलं असतं तर आईचे हात दिसले असते.

आईने मिरजेत एकतीस वर्षं शिवणक्लास चालवला. २०१९ मध्ये अल्झायमर्सचं निदान झालं. माझं नाव ती गेल्या दोन वर्षांत घेऊ शकलेली नाही. मी तिची मुलगी की बहीण की देखरेखीची बाई, कुणास ठाऊक. पण नवीन कापड तिच्या हातात द्या. ती आधी चिमटीत धरून त्याचा पोत बघते. मग उलटं करते आणि मागच्या बाजूची टीप बघते. शिवण वाईट असेल तर नाकाचा शेंडा किंचित वर जातो. हा नाकाचा शेंडा क्लासमधल्या दीडदोनशे मुलींनी बघितलाय आणि घाबरल्यात! मागच्या महिन्यात माझ्या तयार घेतलेल्या कुर्त्याला तोच मान मिळाला. :-)

पदर चोळते ती 'सवय', 'आजाराचं लक्षण', असं आम्हाला सांगितलं गेलं. असेल. पण ती नुसतं चोळत नाही, कड शोधत असते. आणि कड सापडली की तिचा हात शांत होतो.

टोरांटोच्या पिया कोंटोस या संशोधक बाईंनी २००४-०५ च्या सुमारास हेच मांडलं. मेर्लो-पाँतीचा आधार घेऊन. वृद्धाश्रमात, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांमध्ये बसून त्या नुसत्या बघत राहिल्या. जेवताना कपडे खराब होऊ नयेत म्हणून गळ्याभोवती फडकं बांधलेली एक बाई त्या फडक्याखालून आपली मोत्यांची माळ हाताने वर काढते, दिसावी म्हणून, याची त्यांनी नोंद केली आहे. कोंटोस म्हणतात, माणसाचं स्वत्व फक्त आठवणींत नसतं, ते शरीरातही मुरलेलं असतं.

कारण आपली दुसरी समजूत अशी की मी म्हणजे माझ्या आठवणी. जॉन लॉकने १६९४ मध्ये ते मांडलं आणि तेव्हापासून ते इतकं मुरलंय की आपल्याला ते आपलंच वाटतं. आठवणी गेल्या की माणूस गेला. 'ती आता ती राहिली नाही.' यावर डॅन झाहावी नावाचा आजचा एक डॅनिश तत्त्वज्ञ एक फरक दाखवतो. 'मी अमुकतमुक, अमक्याची मुलगी, क्लासवाल्या बाई' ही झाली माझी गोष्ट. ती विसरता येते. पण त्या गोष्टीच्या तळाशी आणखी एक 'मी' असतो. गार पाणी अंगावर पडलं की ते मला गार लागतं. त्यासाठी स्वतःचं नाव आठवावं लागत नाही. प्रत्येक अनुभवाला एक 'माझेपण' चिकटलेलं असतं आणि ते विचार करून लावावं लागत नाही. आईला आंघोळीचं पाणी गार लागलं की ती खांदे आक्रसते. ते गार तिला लागतं, कॉटवर 'उरलेल्या शरीराला' नाही.

'उरलेलं शरीर' हे शब्द माझेच आहेत. आता कबुली देते. भाऊबीजेच्या महिनाभर आधी मी तिच्या शेजारी बसून मैत्रिणीला फोनवर म्हटलं होतं, "आई आता राहिलीच नाही गं, नुसतं शरीर उरलंय." रडत म्हटलं होतं, प्रेमाने म्हटलं होतं, आणि आईच्या कानापासून हातभर अंतरावर म्हटलं होतं. तेव्हा तिचा हात थांबला होता का, मला माहीत नाही. मी बघत नव्हते.

म्हणून दादावर फार चढून बोलायचा मला हक्क नाही. आणि आता दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द, ज्यांत मी येते. दादा म्हणतो काहीच कळत नाही. आम्ही बायका म्हणतो, आम्हाला सगळं कळतं. "आईला घर विकलेलं मुळीच चालणार नाही, मला तिच्या डोळ्यांत दिसतं." हे मी त्या रात्री म्हटलं. ते खोटं होतं. मला तसं काही दिसलं नव्हतं. मला घर विकायचं नाही, आणि आईची गप्प जीभ मी माझ्या वकिलीला वापरली.

इथे मला एडिट श्टाइनने कान धरून खाली बसवलं. ही हुसर्लची विद्यार्थिनी. हुसर्ल म्हणजे ज्याच्यापासून हे सगळं फेनॉमेनॉलॉजीचं प्रकरण सुरू झालं तो. १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, श्टाइन अभ्यास बाजूला ठेवून रेड क्रॉसची परिचारिका झाली. ऑस्ट्रियाच्या सैन्याचं साथीच्या रोगांचं हॉस्पिटल, तापाने फणफणलेले आणि नाना भाषा बोलणारे शिपाई. पुढच्या वर्षी, १९१६ मध्ये, तिने प्रबंध पुरा केला. विषय हाच, दुसऱ्याचा अनुभव आपल्या अनुभवाला कसा येतो. तिचं उदाहरण असं. मित्र येतो आणि सांगतो, माझा भाऊ गेला. त्याचं दुःख मला दिसतं. खरंच दिसतं, अंदाज नाही. पण ते मला त्याचं म्हणून दिसतं. मी त्याच्याबरोबर त्या भावाकडे वळून बघू शकते, तरी ते दुःख माझ्या आत उगवलेलं नसतं, त्याच्या आत उगवलेलं असतं. हुसर्लनेही १९२९ च्या पॅरिसच्या व्याख्यानांतून घडलेल्या पुस्तकात म्हटलं की दुसऱ्याचं अंतरंग मला माझ्या स्वतःच्या अंतरंगासारखं थेट मिळालं असतं, तर तो दुसरा उरलाच नसता, माझाच एक तुकडा झाला असता.

मला हे वाचून एकदम हलकं वाटलं. म्हणजे आईचं सगळं मला कळत नाही ही माझ्या प्रेमातली खोट नाही. ती माझ्याहून वेगळी, स्वतंत्र बाई आहे, याचीच ती खूण. तिला एकशेवीस टक्के ओळखल्याचा दावा करणारी मुलगी आणि तिच्यात ओळखण्यासारखं काही उरलं नाही म्हणणारा मुलगा, दोघंही तिला खोलीतून बाहेर काढतात. एक प्रेमाने, एक हिशेबाने.

मग त्या थांबलेल्या हातात मला नेमकं काय दिसलं? प्रामाणिकपणे सांगायचं तर एवढंच, की काहीतरी तिच्यापर्यंत पोचलं आणि तिला लागलं. शब्द पोचले, की स्वर, की सगळ्यांनी एकदम तिच्याकडे बघून मान फिरवली ते, मला सांगता येणार नाही. घर विकण्याबद्दल तिचं मत दिसलं नाही. पण लागलेलं दिसलं. कोर्टात टिकणार नाही, पण तुझ्या मुलीचं तोंड एवढंसं झालं की तू जसा उठून तिच्याजवळ जातोस, तेवढं करायला ते पुरेसं होतं. आम्ही अकरा जण होतो. कुणी उठलं नाही. मीही रात्री भांडले, तेव्हा उठले नाही.

एक गोष्ट दादाच्या बाजूने आणि विरुद्धही जाते. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर पाच महिने निपचित पडलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर, मग घरातल्या खोल्यांतून फिरतेयस अशी कर. तिचा मेंदू निरोगी माणसांसारखाच उजळला. २०२४ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, सूचनांना बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जण आतून सूचना पाळत होते. म्हणजे शरीरावर काही दिसत नसतानाही माणूस आत असू शकतो. शेलरसाहेबांना ही अडचणच आहे, आणि ती मी लपवत नाही. आईचा आजार वेगळा, तिला हे आकडे लागू नाहीत. पण जिथे काही दिसत नाही तिथेही 'काही नाही' म्हणायची घाई करू नये, इतकं त्यावरून नक्की शिकता येतं. आणि आईच्या बाबतीत तर दिसतंय!

टॉम किटवुड नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९९७ च्या पुस्तकात स्मृतिभ्रंश झालेल्यांना भोवतालची माणसं नकळत कशी खच्ची करतात त्याचे सतरा प्रकार नोंदवले. त्यात मारणं-कोंडणं फार थोडं. माणूस समोर असताना तो नाहीच असं धरून बोलणं, हा एक. त्याला झेपणार नाही इतक्या वेगाने बोलणं आणि हालवणं, हा आणखी एक. किटवुडचं म्हणणं, ही खच्ची करणारी माणसं दुष्ट नसतात. बहुतेक चांगलीच असतात. यादी वाचताना मला आमचं भाऊबीजेचं जेवणच दिसत होतं.

तर दादा, सिद्ध-बिद्ध मी काही करणार नाही. आईला मन आहे हे सिद्ध करायची जबाबदारी आईवर किंवा माझ्यावर का? तुझ्याकडून आजवर कुणी असला दाखला मागितला नाही. घराचं काय व्हायचं ते होवो. कदाचित विकणंच शहाणपणाचं असेल, भिंत खरंच फुगलीय. कागदांचं वकील बघतील. माझं मागणं वेगळं आहे. पाडव्याला पुन्हा जमू तेव्हा ही चर्चा तिच्या डोक्यावरून करायची नाही. करायची तर तिला सांगून करायची. तिच्यासमोर खाली बसून, तिचा हात हातात घेऊन, सावकाश. "आई, घराबद्दल बोलतोय गं." मग थांबायचं. किती वेळ? तिला लागेल तितका. तुला ते पाच मिनिटांचं नाटक वाटेल. वाटू दे. उत्तर येणार नाही बहुधा. पण विचारलेलं तिच्यापर्यंत पोचेल, आणि न विचारलेलंही पोचतं, ते आपण पाहिलंय.

असो. फार लांबलं. हे लिहून झाल्यावर परवा मिरजेला जाऊन आले. तिच्याजवळ बसून तिला म्हटलं, आई, त्या दिवशी फोनवर मी तुझ्याबद्दल वाईट बोलले, चुकलं माझं. तिने माझ्याकडे बघितलं की खिडकीकडे, नक्की सांगता येणार नाही. मग माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरलं, उलटं केलं आणि कड शोधायला लागली. याचा अर्थ मी लावत नाही. मी नुसती बसून राहिले.